गच्चीवरची शेड आणि इपॉक्सी-पीयू: नऊ महिन्यांनंतर

गोव्यात मांद्र्याला आमच्या घरापासून समुद्र चालत दहा मिनिटांवर. गच्चीवरची शेड एमएसच्या, म्हणजे साध्या लोखंडाच्या, चौकोनी पाइपांची. आजवर दर मे महिन्यात रेड ऑक्साइडचा तांबडा प्रायमर, वर ऑइलपेंट, आणि चवथीला गच्चीवर गेलेल्या पाहुण्यांच्या हाताला पोपडे. यंदा मार्चमध्ये वैतागून दोन डब्यांचा रंग लावला: एका डब्यात रंग, दुसऱ्यात तो कडक करणारा हार्डनर, लावायच्या आधी दोन्ही एकत्र कालवायचे. गंजाचे डाग राहिले तरी धरून राहणाऱ्या इपॉक्सीचे दोन हात, वर पीयूचा (पॉलियुरेथेनचा) एक. सुकून सगळं मिळून जाडी २०० मायक्रॉनच्या, म्हणजे ०.२ मिलिमीटरच्या, आसपास. आता डिसेंबर.

दुकानदार झिंक प्रायमर गळ्यात मारत होता. झिंक लोखंडाऐवजी स्वतः झिजतं, पण त्यासाठी ते उघड्या लोखंडाला थेट टेकायला हवं, म्हणजे सँडब्लास्टिंग आलं, वाळूच्या जोरदार फवाऱ्यानं लोखंड खरवडणं. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत असताना ते कसं करणार? आम्ही ग्राइंडरला कप ब्रश लावून घासलं.

घासून झाल्यावर मी गोड्या पाण्याची नळी लावली. पेंटर हसला, "पात्रांव, लोखंड कोण धुतो?" पण रंगाखाली राहिलेलं मीठ हवेतला दमटपणा ओढून घेतं आणि आतून फुगे आणतं. धुऊन, उन्हात कडक वाळवून त्याच दिवशी पहिला हात. वेल्डिंगच्या रेघा आणि पाइपांच्या कडा आधी ब्रशनं वेगळ्या रंगवल्या, कारण धारेवर रंग पातळ बसतो.

एक गाढवपणा माझाच. हार्डनर घालून अख्खा डबा कालवला आणि जेवायला गेलो. परतलो तेव्हा डबा हाताला चटका बसेल इतका तापलेला, आत रंगाचा दगड. तेव्हापासून तासाभरात संपेल तेवढंच कालवायचं.

पावसाळा उलटल्यावर उघड्यावरचे खांब अगदी तसेच आहेत, चकाकीसुद्धा. टाकीमागच्या खांबाला पीयूचा हात पोचला नव्हता. तिथे दुपारचं ऊन लागतं त्या बाजूला बोट फिरवलं की पांढरी भुकटी येते. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, गंज मात्र तिथेही नाही. गंज आलाय तो पत्र्याच्या स्क्रूंपाशी. रंगानंतर ड्रिल मारलं, भोकाच्या कडा उघड्या राहिल्या, आणि आता प्रत्येक स्क्रूखाली तपकिरी ओघळ.

मला नवल वाटलं ते पत्र्याखालच्या आडव्या पाइपांचं. पाऊस तिथे लागत नाही म्हणून मी निर्धास्त होतो, पण डाग पडले ते तिथेच. पाऊस निदान मीठ धुऊन तरी नेतो, आडोशाला ते नुसतं साचत राहतं. हल्ली महिन्यातून एकदा खालून नळी मारतो.

खर्च नेहमीच्या रंगाच्या तिपटीहून थोडा जास्त आला, त्यातला निम्मा घासायच्या मजुरीचा. मार्चमध्ये स्क्रू काढून भोकं रंगवायची आहेत. टाकीमागच्या खांबासाठी आधी टाकी हलवावी लागेल, आणि प्लंबर गेले तीन आठवडे "फाल्यां येतों" (उद्या येतो) म्हणतोय.