पाळणाघराची फी उशिरा येते: दंड लावावा, आगाऊ घ्यावी की डिपॉझिट ठेवावं?

गोव्यात डिचोलीची एक मैत्रीण जूनपासून घरी पाळणाघर सुरू करतेय. तिनं फोनवर विचारलं, फी उशिरा देणाऱ्यांचं तू काय करतेस, दंड लावतेस का? तासभर बोलले तरी तिला धड उत्तर मिळालं नाही, कारण नऊ वर्षांत मी जवळजवळ सगळंच करून बघितलंय आणि त्यातलं अर्धं अंगाशी आलंय. म्हणून लिहून काढतेय, तिलाही पाठवता येईल आणि अजून कोणी ठरवत बसलं असेल तर त्यांनाही.

आधी पैशाचं बघा. माझ्याकडे फोंड्यात आठ मुलं आहेत, फी महिन्याला ४,५००, म्हणजे ३६,००० यायला हवेत. मदतीला येणाऱ्या बाईचा पगार ९,०००, दूध, फळं, सकाळची पेज, दुपारचं जेवण, गॅस सगळं धरून आणखी ११-१२ हजार. तीन घरांनी फी वीस तारखेपर्यंत ओढली की १३,५०० अडकले, आणि बाईला काही आपण 'फाल्यां दितां' (उद्या देते) सांगू शकत नाही.

हे 'फाल्यां दितां' मी इतक्यांदा ऐकलंय की आता आवाजावरनं कळतं खरंच उद्या येणार की नाही. संध्याकाळी सव्वासहा, गेटसमोर स्कूटर चालूच, डोक्यावर हेल्मेट तसंच, खांद्याला मुलाची बॅग, आतली बाटली गळून बॅगेचा कोपरा ओला, मूल पुढं जाऊन उभंसुद्धा राहिलंय, आणि हेल्मेटची काच वर करून "काकी, फी फाल्यां दितां हां!" म्हणेपर्यंत गाडी वळलेली असते. तिला थांबवून काय बोलणार?

आधी तारीख, मग बाकीचं

माझी सगळ्यात मोठी चूक म्हणजे पहिली चार वर्षं फी १ तारखेला मागत होते. सरकारी नोकरीवाल्यांना ते जमायचं, त्यांचा पगार महिनाअखेरीला होतो. पण कुंडई, बेतोडा, वेर्ण्याच्या कंपन्यांत जाणाऱ्यांचं काय, बहुतेक प्रायव्हेट कंपन्यांना पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यायची कायद्यानंच मुभा आहे आणि बऱ्याच कंपन्या ती शेवटपर्यंत वापरतात. म्हणजे अर्ध्या पालकांना दर महिन्याला लेट मीच ठरवत होते. तारीख ८ केली आणि काहीही न बोलता निम्मी कटकट संपली. हॉटेलात काम करणाऱ्यांचं वेगळं, पावसात टुरिस्ट कमी झाले की टिप आणि वरचे पैसे आटतात, आणि नवरा जहाजावर असेल तर घरी पैसे कुठल्या तारखेला येतात ते ॲडमिशनलाच विचारून घ्या, त्यांना ८ ऐवजी त्यांची तारीख द्या पण मग तीच पक्की.

महिना झाल्यावर घेणं की आगाऊ

महिना झाल्यावर म्हणजे पोदेराच्या, पाववाल्याच्या हिशेबासारखं, आधी खा मग दे. पालकांना हे आवडतं आणि नवीन पाळणाघराला मुलं लवकर मिळतात हे मान्य. पण एका मे महिन्यात एका घराची बदली झाली, मूल सोमवारपासून यायचंच बंद, फोन उचलेनात, अख्ख्या महिन्याची फी गेली. आगाऊ घेतली असती तर माझं आठ दिवसांचंच नुकसान होतं. आगाऊचा तोटा एकच, वादाचा विषय बदलतो. "काकी, चवथीचे (गणेशचतुर्थीचे) पाच दिवस बंद होतं, ते कापा ना" हे चालू होतं कारण पैसे देऊन झालेले असतात. ते ॲडमिशनच्या कागदावरच लिहून टाका, फी महिन्याची आहे, दिवसाची नाही. तरी आगाऊच घ्या, ह्यात मला आता जरासुद्धा शंका नाही.

दंड की लवकर भरणाऱ्याला सूट

दंडाबद्दल सगळ्यांना वाटतं की ५० रुपये रोज लावले की लोक सरळ होतील. इस्रायलमधल्या हैफा शहरात १० पाळणाघरांवर ह्याचा अभ्यास झाला होता, २००० साली छापून आला. तो फीचा नव्हता, मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांचा होता, पण आपल्याला लागू पडतो. १० पैकी ६ ठिकाणी छोटा दंड लावला, तर उशीर कमी व्हायचा सोडून वाढत वाढत जवळजवळ दुप्पट झाला, आणि नंतर दंड काढला तरी तो खाली आला नाही. आधी लोकांना लाज वाटायची, दंड आल्यावर वाटायला लागलं की आपण पैसे मोजतोय ना मग झालं.

मीही ८ तारखेनंतर रोज ५० लावले होते, आणि माझ्याकडे अगदी तसंच झालं. एक बाबा दर महिन्याला २० तारखेला ५,१०० पाठवायचे आणि वर मेसेज, "काकी, ६०० जास्त टाकलेत बघा". त्यांच्यासाठी तो दंड नव्हताच, उधारीवरचं व्याज होतं. आणि दुसरीकडे कॉन्ट्रॅक्टवर काम करणारी एक आई, तिचा पगार खरंच दोन महिने अडकलेला, तिच्याकडनं ते ६०० घेताना हात पुढं होईना. सोडले. ते बाकीच्यांना कळायला दोन दिवस लागले, आणि त्यानंतर तो नियम कागदावरच राहिला. म्हणजे ज्याला परवडतं तो दंड भरून उशीर विकत घेतो आणि ज्याला परवडत नाही त्याला आपण माफ करतो, मग लावायचा कुणाला?

सूट हा तोच हिशेब उलटा. फी ४,८०० सांगायची, ८ तारखेच्या आत भरली तर ४,५००. फरक तोच ३००, पण मागायला तुम्हाला जावं लागत नाही, उशीर झाला की पूर्ण फी, बोलणं संपलं. तोटा असा की चौकशीला येणारी आई ४,८०० ऐकूनच बाजूच्या गल्लीत जाऊ शकते. नवीन सुरू करताना हे जमतं, कारण तुमचा रेट अजून कुणाला माहीत नसतो. चालू पाळणाघरात मधेच केलंत तर सगळे म्हणणार काकीनं ३०० वाढवले, आणि खरं सांगायचं तर ते चुकीचं नाही म्हणत.

डिपॉझिट

एका महिन्याची फी डिपॉझिट, सोडताना महिनाभर आधी सांगायचं, मग ते शेवटच्या महिन्यात वळतं. ह्यानं फी वेळेवर येत नाही हे लक्षात घ्या, फक्त बुडत नाही. जूनमध्ये पुस्तकं, युनिफॉर्म, रेनकोटच्या खर्चात पालकांना एकदम ९,००० जड जातात, दोन हप्त्यांत घ्या. आणि ते पैसे वेगळ्या खात्यात ठेवा बरं, मी एकदा फ्रिजच्या दुरुस्तीत घातले आणि त्याच महिन्यात दोन मुलं सोडून गेली.

आपोआप पैसे येण्याचे मार्ग

आधी मी यूपीआयवरनं पैशाची रिक्वेस्ट पाठवायचे, पण साध्या खात्यावरनं दुसऱ्याच्या साध्या खात्याला तशी रिक्वेस्ट १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. यूपीआय ऑटोपे आहे, एकदा मंजुरी दिली की १५,००० पर्यंत दर वेळी पिन लागत नाही, पैसे कापायच्या २४ तास आधी पालकाला मेसेज जातो. पण त्यासाठी आपल्याला दुकानदारासारखं मर्चंट खातं आणि मधली पेमेंट कंपनी लागते, आठ मुलांसाठी एवढा पसारा मला नको वाटला. त्यापेक्षा पालकालाच सांगा, तुमच्या नेट बँकिंगमध्ये दर महिन्याच्या ८ तारखेची स्टँडिंग इन्स्ट्रक्शन टाका. माझ्याकडे तिघांनी टाकलीय, त्यांची फी कधी आली तेही मला कळत नाही, पासबुकात दिसते.

पुढच्या तारखेचे चेक घेणारेही आहेत. चेक बाउन्स झाला तर चेकच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ खाली ३० दिवसांत नोटीस पाठवता येते, मग समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस, मग कोर्ट. ४,५०० रुपयांसाठी आणि ज्याचं मूल उद्या सकाळी आपल्याच मांडीवर असणार त्याच्यासाठी हे कोण करणार?

गेटवर बोलणं की मेसेज

मेसेज. एकदा गेटवर एका आईला जरा आवाज चढवून विचारलं, तिच्या पाच वर्षांच्या पोरानं ते घरी जाऊन आजीसमोर जसंच्या तसं म्हणून दाखवलं, "आई, काकीचे पैसे दे." आजी दुसऱ्या दिवशी स्वतः पैसे घेऊन आली, माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि पुढच्या महिन्यात पोरगा दुसरीकडे. त्याहून वाईट म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाची फी बाकी आहे त्याची यादी टाकणं, तेही केलंय, दोन घरं गेली. आता एकेकीला वेगळा पाठवते, ६ तारखेला, सगळ्यांना सारखाच: "नमस्कार, ह्या महिन्याची फी ४,५००, ८ तारखेपर्यंत. उशीर होणार असेल तर कुठल्या तारखेला देणार तेवढं कळवा." ह्यातलं दुसरं वाक्य जास्त कामाचं आहे. तारीख तिनं स्वतः लिहून दिली की ती सहसा पाळते.

मूल घेणं बंद करायचं हे शेवटचं, आणि तेही आठवडाभर आधी लिहून कळवूनच. सकाळी डबा-पाणी घेऊन आलेल्या मुलाला गेटवरनं परत पाठवू नका, मी एकदा पाठवलंय.

तर डिचोलीवालीला माझं म्हणणं असं: आगाऊ फी, तारीख ८, डिपॉझिट दोन हप्त्यांत, आणि तू नवीनच आहेस तर ४,८००-४,५०० वालं करून बघ, दंड नको. चवथीच्या महिन्यात मात्र आधीच ढील दे. त्या महिन्यात कधीकधी सरकारी पगार चवथीआधीच काढतात, घरात आनंद असतो पण पुढचा पगार लांब पडतो आणि माटोळीपासून (गणपतीवर बांधतात ती फळं-पानांची सजावट) फटाक्यांपर्यंत सगळं त्यातच, त्यामुळे पुढच्या महिन्याची फी मी दोन भागांत घेते, अर्धी ८ ला, अर्धी २२ ला, आणि बाईचा त्या महिन्याचा पगार जुलैपासूनच बाजूला काढून ठेवते.