मियाटाचे फ्रेम रेल आणि बटरफ्लाय ब्रेस: एक उन्हाळा आणि एक हिवाळा वापरल्यानंतर

मियाटा म्हणजे माझदाची दोन सीटची उघडी गाडी, आणि ब्रेस म्हणजे तिची बॉडी पिळू नये म्हणून खालून बोल्टने लावायचे आधार. आधीच सांगतो: ब्रेस चांगले निघाले, ते बसवून देणारं वर्कशॉप नाही. चिडून लिहितोय, पण चीड नेमकी कशावर आहे ते वाचताना ध्यानात ठेवा. गेल्या आठवड्यात तेल बदलायला गाडी स्टँडवर घेतली, खाली सरकलो, तर डाव्या रेलच्या पुढच्या बोल्टपासून मागे गेलेला तांबूस ओघळ दिसला. बोट फिरवलं तर नारिंगी झालं. बोल्ट काढला. भोकाची कड ड्रिलमधून निघाली तशीच, उघडा पत्रा. प्रायमर नाही, मेण नाही. शेजारचा बोल्ट काढला, तिथेही तेच. बिलावर मात्र 'रस्टप्रूफिंग' अशी वेगळी ओळ आहे आणि तिचे पैसे मी मोजलेले आहेत.

गाडी २००० सालची एनबी, म्हणजे दुसऱ्या पिढीची मियाटा. १.८ लिटर, १४० हॉर्सपॉवर, पाच गिअर. स्पोर्ट पॅकेज नाही, त्यामुळे त्यात मिळायचा तो पुढचा स्ट्रट टॉवर बार, म्हणजे बॉनेटखाली डाव्या-उजव्या शॉकचे वरचे टॉवर जोडणारी दांडी, तीही नाही. (माझदा म्हटलं की आमच्या पिढीला आधी स्वराज माझदाचा टेम्पो आठवतो. या गाडीत बसल्यावर तेच नाव किती वेगळं वाटतं ते सांगता येत नाही.) मी डेट्रॉइटच्या पश्चिमेला राहतो. इथे मार्चमध्ये दिवसा बर्फ वितळतं, पाणी भेगांत उतरतं, रात्री परत गोठतं आणि सकाळी रस्त्याला नवा खड्डा पडलेला असतो. वर मीठ. डेट्रॉइट शहराच्या खाली सुमारे १,२०० फुटांवर मिठाची खाण आहे, त्यामुळे मिठाला इथे तोटा नाही आणि रस्त्यावर ते सढळ हाताने पडतं. बॉडीचा ताठपणा आणि पत्र्याचा गंज या दोन्हींची परीक्षा घ्यायला याहून कठीण जागा मला माहीत नाही.

रोडस्टरला पक्कं छप्पर नाही, हीच तिची मजा आणि हाच तिचा आजार. मिठाईचा खोका झाकण लावून पिळून बघा, मग झाकण काढून पिळा. बंद पोकळ आकार पीळ सोसतो, उघडा सोसत नाही. छप्पर गेलं की सगळा भार दारांखालच्या सिलवर, मधल्या बोगद्यावर आणि फ्लोअरच्या पत्र्यावर येतो. मियाटाच्या फ्लोअरखाली पुढून मागे जाणाऱ्या दोन रेल आहेत खऱ्या, पण तो टोपीच्या आकारात वाकवून खालून वेल्ड केलेला पातळ पत्रा. कोणी तिथे जॅक लावला की चेपतो. जुन्या मियाटाखाली कधीही वाकून बघा, रेल कुठे ना कुठे चेपलेली सापडेलच.

माझदाला हे कळत नव्हतं असं नाही. १९८९ साली शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिली मियाटा आली तेव्हा तोशिहिको हिराई यांच्या टीमने वजन कमी ठेवण्यासाठी जिवाचं रान केलं होतं. मग १९९४ ला १.८ इंजिन आलं, तेव्हा सीटबेल्टच्या दोन टॉवरना जोडणारा आडवा बार आणि खालचे ब्रेस कारखान्यातूनच बसवून येऊ लागले. २००१ च्या फेसलिफ्टला बॉडी आणखी ताठ केली. माझी नेमकी त्याच्या आधीची. आणि एक गैरसमज बऱ्याच जणांचा असतो: गिअरबॉक्स आणि डिफ (मागच्या चाकांमधला डिफरेन्शियल) जोडणारी ती ॲल्युमिनियमची लांब पॉवर प्लांट फ्रेम बॉडीला ताठ करत नाही. ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की डिफ आणि इंजिन एकमेकांविरुद्ध झुलू नयेत एवढ्यासाठी ती आहे.

आता आरसा. मला विचाराल तर या सगळ्या खर्चाचा हिशेब मधल्या आरशात लागतो. आरसा विंडशील्डच्या वरच्या पट्टीला लटकतो, आणि उघड्या गाडीत सगळ्यात जास्त डुलणारी जागा तीच. रात्री आय-९६ वर मागून पिकअप आला की त्याचे दोन दिवे मला दिवे म्हणून दिसतच नसत, दोन उभ्या रेघा दिसत. किती अंतरावर आहे, लेन बदलतोय का, काही उमगायचं नाही. लोक हँडलिंगबद्दल बोलतात, लॅप टाइमबद्दल बोलतात. मी ब्रेस घेतले ते या आरशासाठी, आणि इतरांनीही याच कसोटीवर घ्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे. रोज वापरायच्या गाडीत मागचं नीट दिसणं याहून मोठं काही नाही.

त्याआधी मी सेकंडहँड स्ट्रट टॉवर बार लावून बघितला होता. आरशात तसूभर फरक नाही. कारण सरळ आहे. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत, म्हणजे टोयोटा ८६ चं पुढचं टोक किंवा आपल्याकडची स्विफ्ट, वळणाचा आडवा जोर स्ट्रटमधून वर टॉवरपर्यंत जातो, तिथे बारला काम असतं. मियाटाला चारही चाकांवर डबल विशबोन. म्हणजे चाकाला वर एक आणि खाली एक आर्म, दोन्ही सबफ्रेमला, म्हणजे बॉडीखालच्या वेगळ्या चौकटीला धरलेले. टॉवरला मुख्यतः स्प्रिंग आणि शॉकचा उभा जोर. दोन टॉवरना इंजिनवरून जोडून पीळ कसा थांबणार? बार काढला आणि विकून टाकला. बॉनेट उघडल्यावर छान दिसतो, त्याचे पैसे ज्याला द्यायचे त्याने द्यावेत.

फ्रेम रेलचं काम वेगळं. मूळ रेलवर बाहेरून जाड पत्र्याचा चॅनेल चढतो, भोकं पाडून बोल्टने आवळतात, आणि त्या दोन रेलमध्ये खाली बटरफ्लायची तिरकी जाळी बसते. तिरक्या पट्ट्या महत्त्वाच्या, कारण चौकट पिळताना तिचे कर्ण लांब-आखूड होऊ पाहतात आणि पट्टी ते होऊ देत नाही. कोलोरॅडोतलं फ्लाइंग मियाटा असे रेल वर्षानुवर्षं विकत आलंय, इतरही विकतात. माझ्याकडे लिफ्ट नाही, म्हणून वर्कशॉपला दिली. सामान आणि लेबर मिळून चार चांगल्या टायरपेक्षा जास्त गेले.

पहिले काही आठवडे हा सौदा मला महाग वाटला. आरसा बराच शांत झाला, कबूल. दारांची कुरकुर गेली, डॅशच्या डाव्या कोपऱ्यातली टिकटिक गेली. पण गाडी धक्के जास्त देऊ लागली असं वाटायचं. टेलिग्राफ रोडवरच्या जोडांवर मागचं टोक टणटण उडायचं. तेव्हा मी हा अनुभव लिहिला असता तर पाचपैकी तीन तारे दिले असते.

मत बदललं ते शॉक बदलल्यावर. कारण समजून घेण्यासारखं आहे. बॉडी पिळते तेव्हा ती स्वतःच एक स्प्रिंग असते, चाकाच्या स्प्रिंगशी एकापाठोपाठ जोडलेली. खड्ड्याचा काही भाग ती खाते आणि मग थरथरत बसते, कारण चाकाच्या स्प्रिंगला शॉक आहे, पत्र्याच्या स्प्रिंगला शॉक नाही. रेल लावल्यावर तो हिस्सा परत चाकाकडे गेला. माझे शॉक मेलेले होतेच, बॉडीच्या डुलण्यात ते लपून होते. आता ते उघडे पडले. नवीन शॉक टाकल्यावर तेच जोड एकदा 'ठप्' करून विरतात, मागे थरथर उरत नाही. गाडी मऊ झाली नाही, पण अंगावर येणंही थांबलं. म्हणून ज्यांचे शॉक जुने आहेत त्यांनी ब्रेसला शिव्या देण्याआधी शॉकचे पैसे बाजूला काढावेत. वळणात गाडीचं कलणं रोखणाऱ्या अँटी-रोल बारचंही तेच: आधी मागचा बार एक भोक घट्ट केला तरी फारसं कळायचं नाही, आता लगेच कळतं.

तरीही ताशी ६० ते ६५ मैलांना आरशात एक बारीक, एकसारखी थरथर उरली होती. खड्डा नसतानाही. ती ब्रेसने जाणार नाही. माझ्या १९५/५०-१५ टायरचा घेर जेमतेम १.८ मीटर, ६५ मैलांना तो सेकंदाला साधारण १६ फेऱ्या घेतो. टायरमध्ये जरा जरी उंचवटा किंवा वजनाचा फरक असला तर सेकंदाला १६ टोले बसतात, आणि उघड्या गाडीच्या बॉडीचा स्वतःचा ठेका त्याच्या आसपासच असतो. त्यामुळे हलकीशी चूकही वर आरशात मोठी होऊन दिसते. साधं बॅलन्सिंग पुरलं नाही. रोड फोर्स मशीनवर, म्हणजे ज्यात रोलर टायरवर दाबून फिरवतात, एक टायर रिमवर फिरवून बसवला तेव्हा ती थरथर गेली. ब्रेसच्या तुलनेत चिल्लर खर्च. एकसारखी थरथर असेल तर टायर बघा. खड्ड्यानंतर उठून हळूहळू विरणारी असेल तर ती बॉडीची.

ज्यांना भावनेपेक्षा पुरावा हवा त्यांच्यासाठी: बसवण्याआधी छप्पर उघडून पुढचा एक कोपरा सिलच्या जॅक पॉइंटवर उचलला होता. जमिनीवर असताना दाराच्या मागच्या फटीत दोन निकेल (पाच सेंटची नाणी) एकावर एक ठेवून वरपासून खालपर्यंत सरकत. कोपरा उचलला की एका टोकाला अडकत, दुसऱ्या टोकाला सैल होत, आणि दार लावताना लॅच घासायचं. रेल आणि बटरफ्लायनंतर तीच नाणी दोन्ही टोकांना सरकतात आणि दार एका हाताने लागतं. वीस-बावीस वर्षं जुन्या गाडीचं दार जॅकवर असताना असं लागलं, तेव्हा मी ते उगाच चार वेळा लावून बघितलं. इतका आनंद झाला होता.

आता वर्कशॉप. फोटो घेऊन गेलो. मॅनेजर म्हणाला मिठाचं नुकसान वॉरंटीत येत नाही. मी म्हटलं, मिठाबद्दल बोलतच नाहीये, न केलेल्या कामाबद्दल बोलतोय. बिलात लिहिलंय ते दाखवा. रेल चढल्यावर आत काय केलंय ते कोणाला दिसत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. बरीच बोलाचाली झाल्यावर त्या एका ओळीचे पैसे परत मिळाले. सगळे बोल्ट काढून परत करायच्या लेबरचं नावही काढलं नाही. कोल्हापूरला मामांचं उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे, त्यांना व्हिडिओवर भोक दाखवलं तर ते एवढंच म्हणाले, "आरं, भोक पाडलं की आधी रंग, मग बोल्ट. हे आमच्या पोऱ्याला बी सांगावं लागत नाही." मला याच गोष्टीचा राग आहे. अवघड काम त्यांनी बरोबर केलं, चेपलेली रेल ठोकून सरळ केली, बोल्ट सगळे एका रेषेत, जाळी चपखल. आणि डबाभर प्रायमर वाचवला.

शेवटी माझं मीच केलं. एका वेळी एकच बोल्ट काढायचा, म्हणजे रेल जागची हलत नाही. गोल तारेच्या ब्रशने भोक घासलं, रस्ट कन्व्हर्टर लावून काळं पडेपर्यंत थांबलो, वर झिंकचा प्रायमर दोन हात. झिंक यासाठी की ते आधी स्वतः झिजतं आणि पोलाद वाचवतं. वाळल्यावर रेलच्या पोकळीत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स, शेवटी बोल्ट टॉर्क पान्याने. पाठ मोडते, पण पत्रा अजून शाबूत आहे, नुसती वरची कातडी लाल झाली होती. आणखी एक हिवाळा गेला असता तर हे म्हणता आलं नसतं. तुम्ही कुठेही बसवून घ्या, पुण्यात काय किंवा मिशिगनात काय, भोकं पाडून झाली की रेल चढायच्या आत फोन करायला सांगा आणि स्वतः जाऊन बघा. नुसत्या बिलावर विसंबू नका.

बारीकसारीक तोटे: बटरफ्लाय थोडी खाली लोंबते, उंच स्पीडब्रेकर तिरके घ्यावे लागतात. गिअरबॉक्सचं काम निघालं की आधी जाळी उतरवायची. वजन वाढतं, पण गाडीच्या सगळ्यात खालच्या पातळीला, त्यामुळे मला त्याचं काही वाटत नाही. कायम हार्डटॉप (काढता येणारं कडक छप्पर) लावून फिरणाऱ्यांना फायदा कमी जाणवेल. आधीच बोल्टचा रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी सीटमागची कमान) बसवलेला असेल तर मागचा भाग थोडा ताठ झालेलाच असतो, तरी फ्लोअरचं काम रेलच करतील.

२००१ नंतरची एनबी असेल तर टायर आणि शॉक करून मगच ठरवा. १९९० ते १९९३ ची एनए, म्हणजे पहिल्या पिढीची असेल तर सरळ रेल घ्या, तिला सगळ्यात जास्त गरज. पण पैसे देण्याआधी एक करा: स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली जा आणि मूळ रेल पुढच्या टोकाला, आणि मागे सिलच्या शेवटी, जिथे छपराच्या पाण्याच्या नळ्या तुंबून पाणी साठतं तिथे टोचून बघा. टोक आत गेलं तर वरून नवा चॅनेल चढवू नका. बोल्टला धरायला आत काही उरलेलंच नसतं, आणि कुजका पत्रा नव्या पत्र्याखाली झाकला जातो. तिथे ब्रेसचे पैसे वेल्डरला द्या, पत्रा कापून नवा लावून घ्या, आणि ब्रेस पुढच्या वर्षी बघा.