राहून गेलेलं मेडल नोंदवायचंय: रेकॉर्ड ऑफिस, आरटीआय की थेट ट्रिब्युनल?

तात्या म्हणजे माझे चुलते. ६३ साली भरती झाले, ७९ ला पेन्शनवर घरी आले. ७१ च्या लढाईत पश्चिम सीमेवर शकरगडच्या बाजूला होते, तिथं डाव्या पोटरीत मॉर्टरचा छर्रा घुसला तो अजून एक्सरेत दिसतो, तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. आता त्यांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौज सोडताना मिळतं ते नोकरीचं पुस्तक, काढा. मेडलच्या कॉलममध्ये सैन्य सेवा, रक्षा मेडल, संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल, आणि खाली कोरी जागा. पश्चिमी स्टार नाही, जखमेचं वुंड मेडल नाही. चाळीसेक वर्षं ते पुस्तक पत्र्याच्या ट्रंकेत पडून होतं, कुणाला पत्ता नाही. माझ्या पोरीनं शाळेच्या प्रोजेक्टसाठी फोटो काढले आणि विचारलं, आजोबा तुम्हाला लागलं होतं त्याचं मेडल कुठलं? तात्या म्हणाले, असंल त्यातच कुठंतरी. नव्हतं.

तेव्हापासून मी या कागदांच्या मागं आहे, आणि आता आजूबाजूच्या गावातले लोक पण विचारायला येतात की वकील लावू का, आरटीआय टाकू का, का नुसता अर्ज करू. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो.

मार्ग निवडायच्या आधी एक गोष्ट बघा, कारण यातच निम्मे लोक चुकतात. मेडल "राहिलं" म्हणजे नक्की काय झालं? स्टार आणि मोहिमेची मेडलं, म्हणजे समर सेवा स्टार, पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार, कारगिलचा ऑपरेशन विजय स्टार, सियाचिनचं मेडल, ही पात्रतेवर मिळतात. ठरलेल्या काळात ठरलेल्या भागात तुमचं युनिट होतं आणि तुम्ही युनिटसोबत होता, झालं, हक्क बसला, मग नोंद राहिली तर ती कारकुनी चूक आणि ती दुरुस्त होते. वुंड मेडल, ज्याला पराक्रम पदक म्हणतात, ते शत्रूच्या थेट कारवाईत जखम झाली तर. इथं युनिट कुठं होतं एवढ्यानं भागत नाही, जखमेचा कागद लागतो. आणि तिसरा प्रकार म्हणजे शौर्य पदकं, वीर चक्र, शौर्य चक्र, सेना मेडल वगैरे. "साहेबांनी माझं नाव पाठवलं होतं" असं म्हणणारे मला आत्तापर्यंत चार-पाच जण तरी भेटलेत आणि खोटं बोलत असतील असं वाटत नाही. पण शिफारस युनिटकडून ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड अशी वर चढत जाते, कुठल्याही पायरीवर अडू शकते, आणि राष्ट्रपतींची मंजुरी होऊन गॅझेटमध्ये नाव आलं तरच ते पदक. गॅझेटमध्ये नाव आहे आणि तुमच्या बुकात नाही, तर दुरुस्ती. गॅझेटमध्येच नाही, तर ती दुरुस्ती नाही, ती नवीन मागणी आहे, आणि पन्नास वर्षांनी ती मान्य होईल अशी आशा मी तरी कुणाला लावणार नाही. शौर्य पदकांची सरकारी वेबसाइट आहे, आधी तिथं नाव टाकून बघा, दहा मिनिटांचं काम.

आता मार्ग.

रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांच्या नोकरीच्या नोंदी ठेवणाऱ्या ऑफिसला, सरळ अर्ज. हा सगळ्यात साधा आणि लोकांना सगळ्यात कमी भरवशाचा वाटणारा रस्ता. माझं मत उलटं आहे. नोंद शेवटी तेच बदलणार, ट्रिब्युनलनं हुकूम केला तरी पेन त्यांच्याच हातात आहे. आपल्या भागातल्या बऱ्याच लोकांची रेकॉर्ड ऑफिसं लांब पण नाहीत, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, आर्मर्डचं, म्हणजे रणगाडा दलाचं, नगरला. महार रेजिमेंटवाल्यांना मात्र मध्य प्रदेशात सागरला लिहावं लागतं. तात्यांची रेजिमेंट कुठली ते इथं लिहीत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे ते एका ऑफिसच्या बदनामीसाठी नाही.

पहिला अर्ज मीच केला, दीड पानाचा, इंग्रजीत, भावनेनं भरलेला, देशासाठी रक्त सांडलं वगैरे. उत्तर आलं दोन ओळींचं, नोंदीनुसार सदर मेडल देय दिसत नाही. मी चिडलो, तात्या चिडले नाहीत. मग गावातल्या एका रिटायर्ड सुभेदार साहेबांनी माझा अर्ज वाचला आणि म्हणाले, यात कागद कुठाय? त्या क्लार्कला तुझं रक्त नको, पार्ट टू ऑर्डर पाहिजे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फौजेत माणसाच्या बाबतीत जे काही घडतं, रजा, बदली, लग्न, जखम, ते युनिट पार्ट टू ऑर्डरमध्ये छापतं आणि त्यावरून रेकॉर्ड ऑफिस शीट रोलमध्ये, म्हणजे त्या जवानाच्या नोंदींच्या कागदात, चढवतं. म्हणजे चूक दोन ठिकाणी होऊ शकते. युनिटनं ऑर्डर काढलीच नाही, किंवा काढली पण रेकॉर्डला ती चढली नाही. दुसरी सुधारायला सोपी, पहिली अवघड.

दुसरा अर्ज अर्ध्या पानाचा होता. नंबर, शेवटच्या अक्षरासकट, रँक, नाव डिस्चार्ज बुकात जसं आहे तसंच. आमच्याकडे बुकात एक नाव आणि आधारवर दुसरं होतं, तिथं आणखी एक प्रतिज्ञापत्र गेलं. खाली फक्त तीन मुद्दे, डिसेंबर ७१ मध्ये कुठल्या बटालियनला होते, कुठल्या भागात, कुठल्या मिलिटरी हॉस्पिटलला नेलं. सोबत डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांच्या झेरॉक्स. रजिस्टर पोस्टानं, पोचपावती जपून. खर्च शंभर रुपयांच्या आत. उत्तराला पाच महिने लागले, पण पश्चिमी स्टारची नोंद आली. वुंड मेडलला नाही म्हणाले, जखमेची नोंद उपलब्ध नाही.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हा काही वेगळा मार्ग नाही असं माझं मत, पण फुकटची मदत आहे. ते नोंद बदलू शकत नाहीत, पत्राला त्यांचं कव्हरिंग लेटर लागलं तर पत्र जरा वजनदार होतं इतकंच. ज्यांना इंग्रजीत लिहायला जमत नाही त्यांनी तिथूनच सुरुवात करावी. केंद्राचं तक्रार पोर्टल सीपीग्राम्स पण तसंच, अर्ज महिनोन्महिने पडून असेल तर हलवायला चांगलं, पण बऱ्याचदा "संबंधितांना पाठवलं" म्हणून तक्रार बंद करतात आणि आपण पुन्हा पहिल्या पायरीवर.

आरटीआय. हा उपाय नाही, ही बॅटरी आहे, अंधारात काय पडलंय ते बघायची. आरटीआयनं मेडल मिळत नाही, आणि "मला मेडल का दिलं नाही" असा प्रश्न विचारला तर उत्तर पण मिळत नाही, कारण त्यांना अस्तित्वात असलेली माहिती द्यायची असते, कारणं शोधून द्यायची नसतात. मागायचं असं: माझ्या शीट रोलची प्रत, डिसेंबर ७१ ते मार्च ७२ मधल्या माझ्या नावाच्या पार्ट टू ऑर्डर्स, मेडल रजिस्टरमधलं माझ्या नावाचं पान. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, नाही आलं किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडं दुसरं. ऑपरेशनचे कागद मागितले की सुरक्षेचं कारण पुढं येतं, वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती द्यावी असं कलम ८(३) मध्ये असलं तरी देशाच्या सुरक्षेचा अपवाद तिथंही लागू आहे, म्हणून वॉर डायरीच्या, म्हणजे युनिटच्या लढाईतल्या रोजनिशीच्या, नादाला न लागता स्वतःच्या नावाचे कागद मागा, ते नाकारायला जड जातं.

आणि इथं एक धक्का बसू शकतो त्याची तयारी ठेवा. ज्यांना पेन्शन नाही, म्हणजे पाच-सात वर्षं नोकरी करून बाहेर पडले, त्यांचे सर्व्हिसचे कागद नियमाप्रमाणं २५ वर्षांनी नष्ट करतात. मग उरतो फक्त लाँग रोल, म्हणजे सगळ्यांच्या नावांची मोठी नोंदवही, त्यात एका माणसाच्या वाट्याला एक ओळ. ७१ चा जवान ७५ ला बाहेर पडला असेल तर त्याचे कागद २००० च्या आसपासच गेले, आणि तेव्हा त्याला कुणी विचारलं पण नाही. अशा माणसाला स्वतःच्या ट्रंकेतला कागद हाच पुरावा, हॉस्पिटलची चिठ्ठी, युनिटचं जुनं पत्र, आणि त्याच बटालियनमधल्या एखाद्या साथीदाराच्या बुकातली नोंद. साथीदाराच्या बुकात तोच काळ, तीच बटालियन आणि स्टार असेल तर तुमची केस बरीच उभी राहते.

आता ट्रिब्युनल, म्हणजे एएफटी, आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, फौजेतल्या नोकरीच्या वादांसाठीचं न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्यानं झालं, २००९ पासून चालू आहे, आणि महाराष्ट्र, गोवा, गुजरातसाठी मुंबईला बेंच आहे. रिटायर्ड माणूस राहतो त्या भागातल्या बेंचकडं जाऊ शकतो, दिल्ली गाठायची गरज नाही, वकील न लावता स्वतः उभं राहायची पण मुभा आहे. पण आधी बाकीचे दरवाजे ठोठावलेले असावे लागतात. म्हणजे रेकॉर्ड ऑफिसला अर्ज, आणि त्याचं उत्तर, किंवा सहा महिने वाट बघून उत्तर नाही. नंतर सहा महिन्यांत केस टाकायची. उशीर झाला तर माफीचा अर्ज करता येतो, कारण पटलं तर माफ करतात. मात्र दरवर्षी नवा अर्ज करत राहिलं म्हणून मुदत नव्यानं सुरू होत नाही, हे लोकांना पटतच नाही. एकदा स्पष्ट नकार आला की घड्याळ चालू झालं असं समजा.

ट्रिब्युनल खरं उपयोगी पडतं ते पैसा गुंतलेला असेल तेव्हा. स्टार किंवा मोहिमेच्या मेडलला महिन्याला एक रुपया पण नाही. सेना मेडल, तेही शौर्यासाठीचं, २०१७ च्या ऑगस्टपासून महिना २००० रुपये, वीर चक्राला ७०००. पण जखम बॅटल कॅज्युअल्टी, म्हणजे लढाईत झालेली, म्हणून नोंदली गेली असेल तर विषय मेडलचा राहत नाही, वॉर इंज्युरी पेन्शनचा होतो, आणि ती साध्या डिसेबिलिटी पेन्शनपेक्षा बरीच जास्त बसते. पेन्शनच्या बाबतीत उशिराचं पण जरा वेगळं आहे. २००८ च्या तरसेम सिंग निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की अन्याय दर महिन्याला चालू राहतो म्हणून दावा मरत नाही, पण मागची थकबाकी साधारणपणे केस टाकण्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच. म्हणजे जितका उशीर तितकं नुकसान आपलंच.

ट्रिब्युनल शौर्य ठरवायला बसत नाही हे पण लक्षात घ्या, ते नोंद बरोबर झाली का, कुणी पूर्वग्रहानं लिहिलं का, ते बघतं. कारगिलला बटालिक भागात ७० इन्फंट्री ब्रिगेडचे कमांडर असलेल्या ब्रिगेडियर देविंदर सिंगांच्या प्रकरणात २०१० ला ट्रिब्युनलनं वरिष्ठांचं लिखाण पक्षपाती ठरवून नोंदी दुरुस्त करायला सांगितल्या होत्या. बातम्या खूप आल्या. पण लढाई ९९ ची, निकाल २०१० चा, आणि लढणारा माणूस ब्रिगेडियर. आमचा नायक रँकवरून रिटायर झालेला माणूस तितका दम काढू शकेल का ते घरात बसून आधी बोला.

मग कुणी काय करावं, माझ्या हिशोबानं. नुसता स्टार राहिलाय आणि पेन्शनर आहात, तर आधी दहा रुपयांची आरटीआय, कागद हातात आला की अर्ध्या पानाचा अर्ज, वकिलाला एक पैसा देऊ नका. आम्ही क्रम उलटा केला म्हणून एक नकार उगाच फाइलला लागला. पेन्शन नाही आणि कागद नष्ट झालेत, तर आरटीआयमध्ये वेळ घालवण्यापेक्षा साथीदार शोधा, ते पण रोज कमी होतायत. जखम आहे आणि हॉस्पिटलचा कागद आहे, तर अर्ज करा आणि पोस्टाच्या पावतीवरची तारीख कॅलेंडरवर लिहा, सहा महिने झाले की मुंबई. जखम आहे पण कागद नाही, ही आमची केस, इथं मला पण पक्कं उत्तर नाही. शौर्य पदकाची शिफारस झाली होती इतकंच माहीत आहे, तर घरच्यांना ती गोष्ट नीट सांगून ठेवा, तारखांसकट, आणि कोर्टाचा नाद सोडा. कटू वाटेल.

अजून एक, जे मला उशिरा कळलं. नोंद आणि प्रत्यक्ष मेडल या दोन वेगळ्या मागण्या आहेत. अर्जात दोन्ही लिहा, नाहीतर नोंद होते आणि मेडलसाठी परत पत्रव्यवहार. हरवलेलं मेडल परत मागणं हा तर तिसराच प्रकार, त्याचा अर्ज वेगळा, यात मिसळू नका.

सध्या आमची गाडी कुठं अडलीय तर मिलिटरी हॉस्पिटलच्या ॲडमिशनच्या नोंदीसाठी आरटीआय टाकलीय, तात्यांना वॉर्ड आठवतो, शेजारच्या खाटेवरचा गढवाली पोरगा आठवतो, तारीख आठवत नाही. सोबत नवा एक्सरे जोडलाय. सुभेदार साहेब म्हणाले एक्सरे हा काही ७१ चा पुरावा होत नाही, असला तर छर्ऱ्याचा होईल. तरी जोडला. स्टारचं धातूचं मेडल अजून आलेलं नाही, पुण्यात कॅम्पात तसलं विकत मिळतं म्हणून मी एक आणलं होतं १५ ऑगस्टला लावायला. तात्यांनी हातात घेऊन उलटं-पालटं करून बघितलं आणि डबीत परत ठेवलं, म्हणाले पोस्टानं येईल ते लावू.