स्टिक आणि 5.1 साउंडबार, नऊ महिन्यांनंतर: 'ऑटो'च्या नादी लागू नका

गेल्या दिवाळीत घेतलेला सेट आहे. स्टिक (टीव्हीला लावून ओटीटी बघायची) चार हजारांच्या आत, साउंडबार सोळा हजार, मागचे दोन छोटे स्पीकर आणि वूफर धरून (5.1 म्हणजे पाच चॅनेल अधिक जाड आवाजाचा वूफर). दोन्हींचे स्पेक्स सगळ्यांना माहीतच असतात, त्यामुळे ते सोडतो. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यातली निम्मी चूक माझीच आहे.

पहिले सहा महिने मी खूश होतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला सोफ्यावर मधोमध बसवून मागून आवाज येतोय का विचारायचो, आणि ते बिचारे हो म्हणायचे. तक्रार एकच आणि ती आईची. माणसं बोलतात ते ऐकू येत नाही आणि ढॅण ढॅण सुरू झालं की शेजारी दार वाजवतात. मी म्हणायचो सिनेमे हल्ली असेच मिक्स करतात. रिमोट तिच्या हातात, बोलणं आलं की वाढव, मारामारी आली की कमी कर, अख्खा सिनेमा हाच व्यायाम.

मग एप्रिलमध्ये मागचा एक स्पीकर बंद पडला. सर्व्हिसला फोन, तीन वेळा नवीन कंप्लेंट नंबर, चौथ्या दिवशी माणूस आला. त्याने स्पीकरची पिन काढून परत बसवली, स्पीकर चालू. व्हिजिट चार्ज चारशे अधिक जीएसटी, 472 रुपये. पिन बसवायचे! मी चिडून म्हटलं आता आलाच आहात तर आवाज पण बघा, आईला डायलॉग ऐकू येत नाहीत. तो म्हणाला टीव्ही जुना आहे सर, ई-आर्क नाही, टीव्ही बदला. (आर्क म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलने बारला पाठवायची सोय, ई-आर्क ही तिची नवी, जास्त आवाज-डेटा नेणारी आवृत्ती.) हे मात्र डोक्यात गेलं.

त्या रात्री बारचं मॅन्युअल पहिल्यांदा उघडलं. त्यात कळलं की रिमोटवरचं एक बटण पाच सेकंद दाबून धरलं की बारच्या छोट्या पट्टीवर आत कुठला फॉरमॅट येतोय ते सरकत दिसतं. अ‍ॅटमॉसवाला (डॉल्बीचा, चहूबाजूंनी आणि वरूनही आवाज देणारा फॉरमॅट) सिनेमा लावला, बटण दाबलं, आणि पट्टीवर आलं 'पीसीएम 2.0', उकललेला, दोनच चॅनेलचा आवाज. म्हणजे सहा महिने मी साधा स्टिरिओ ऐकत होतो! मागून जो आवाज यायचा तो बार स्वतःच दोन चॅनेलचे पाच करून पसरवत होता. पाहुणे खोटं बोलत नव्हते एवढंच समाधान.

झालं होतं असं, की स्टिकवर सराउंडचं सेटिंग 'ऑटो' होतं आणि मला ते बरोबरच वाटत होतं. पण स्टिक लागते टीव्हीला आणि टीव्हीतून आर्कने आवाज बारला जातो. टीव्हीच्या साउंड मेनूत अगदी तळाशी 'डिजिटल आउटपुट' म्हणून अजून एक सेटिंग असतं, ते पीसीएमवर होतं. आणि साध्या आर्कमधून पीसीएम फक्त दोन चॅनेलचं जातं, त्यामुळे टीव्ही डॉल्बी उकलून, सहाचे दोन करून पुढे ढकलत होता. टीव्हीला 'पासथ्रू' (आलेला आवाज न उकलता तसाच पुढे) केलं, स्टिकवर ऑटो काढून हाताने 'डॉल्बी डिजिटल प्लस' निवडलं, पट्टीवर अ‍ॅटमॉस आलं. ई-आर्क नसलेल्या त्याच जुन्या टीव्हीवर! ओटीटीवरचं अ‍ॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्येच बांधून येतं आणि तेवढं साध्या आर्कमधून जातं, टीव्हीने अडवलं नाही तर. ई-आर्क लागतं ते ब्लू-रेच्या ट्रूएचडीसारख्या जड मालाला, तो आपल्याकडे येतोय कुठे. टीव्हीचे चाळीस हजार वाचले, 472 गेले. (मधल्या काळात 350 ची ऑप्टिकल केबल पण आणली होती, तिच्यातून डॉल्बी डिजिटल प्लस जातच नाही. ड्रॉवरमध्ये आहे, कुणाला हवी तर सांगा.)

आता माझं मत बदललं ते इथे. मला वाटलं होतं खरी मजा मागच्या स्पीकरची. तसं नाहीये. खरा फरक मधल्या चॅनेलचा, कारण डायलॉग तिथूनच येतात. खरं 5.1 यायला लागल्यावर बारच्या रिमोटवरून 'सेंटर' तीन पॉइंट वाढवला, नाइट मोड (मोठे आवाज दाबणारा) चालू केला, आणि आईने दोन तास रिमोटला हात लावला नाही.

पण. एक गोष्ट आहे जिच्यामुळे मी एक स्टार कापतोय आणि मला कुणी समजवायला येऊ नका. फॉरमॅट बदलला की हा बार दीड सेकंद मुका होतो आणि पहिला शब्द गिळतो. जाहिरात स्टिरिओमध्ये, सिरीज डॉल्बीत, म्हणजे प्रत्येक जाहिरातीनंतर एक शब्द गायब. परवा आईची पोलिसवाली हिंदी सिरीज, शेवटचा भाग, जाहिरात संपली, इन्स्पेक्टर वळला आणि आम्हाला ऐकू आलं "...ने मारा है". कोणी? दहा सेकंद मागे घेतलं तर परत जाहिरात!! साधं 'डॉल्बी डिजिटल' करून पाहिलं, अ‍ॅटमॉस गेलं आणि गिळणं तसंच राहिलं. शेवटी स्टिकचा मेनूत टिक टिक करणारा आवाज बंद केला, त्यामुळे निदान मेनूत फिरताना होणारी मुकी-बोलकी थांबली. जाहिरातीनंतरचं अजून आहे. ऑटोवर असताना हे कधी झालं नव्हतं, कारण सगळंच पीसीएम होतं, हे लिहिताना मलाच हसू येतंय.

अजून एक, अ‍ॅपमध्ये ऑडिओची यादी उघडून बघत जा. 'हिंदी' आणि 'हिंदी 5.1' अशा दोन ओळी असतात आणि वरची साधी निवडलेली असते. मराठी ऑडिओ मला तरी बहुतेक वेळा स्टिरिओच मिळालाय, तिथे कुठलंही सेटिंग करा, पट्टीवर 5.1 येणार नाही.

मागच्या महिन्यात स्टिकचा अपडेट आला आणि सेटिंग गुपचूप परत ऑटोवर. मला कळलंच नसतं, आई म्हणाली, "आज परत कुजबुजतायत रे सगळे."

स्टिकच्या रिमोटचे सेल मात्र अजून डब्यातून आलेलेच चालू आहेत, त्याला पूर्ण मार्क.