'२००१: अ स्पेस ओडिसी'ची ४के डिस्क: कुब्रिकने काय कापलं ते आता नीट कळतं

वॉर्नरने नोव्हेंबर २०१८ मध्ये काढलेली दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकच्या '२००१: अ स्पेस ओडिसी'ची ४के डिस्क घ्यावी का, असं ओळखीतले बरेच जण मला विचारतात. मी मराठी मालिकांची एडिटर आहे, दिवसभर टाइमलाइनसमोर बसते आणि या सिनेमाकडून अजून शिकते आहे. तेव्हा उत्तर आधीच देऊन टाकते: घ्या. ४के प्लेअर आणि बऱ्यापैकी टीव्ही असेल तर हीच आवृत्ती घ्या. ज्यांनी हा सिनेमा फोनवर किंवा कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून बघून 'संथ आहे, शेवट कळत नाही' असा निकाल दिला, त्यांनी तर नक्कीच घ्या.

पाकिटात तीन डिस्क आहेत. एक ४के, एक साधी ब्लू-रे आणि एक पुरवणीची. ४के डिस्कना रीजनची भानगड नसते, त्यामुळे परदेशातून मागवली तरी आपल्याकडच्या प्लेअरवर चालते. लावल्यावर सुरुवातीला काही मिनिटं पडदा काळाच राहतो आणि लिगेटी या संगीतकाराचं संगीत ऐकू येतं. टीव्ही बिघडलाय समजून रिमोट उचलू नका. थिएटरात लोक आत येऊन बसेपर्यंत वाजवायचं ते संगीत आहे आणि ते इथे मुद्दाम ठेवलंय. मध्यंतरही आहे, जागच्या जागी. ते नेमकं कुठे येतं याबद्दल पुढे बोलते.

चित्राबद्दल. मूळ ६५ एमएम निगेटिव्हवरून हे मास्टर बनवलं आहे आणि ते पहिल्या दृश्यापासून जाणवतं. आदिमानवांचा जवळजवळ सगळा भाग इंग्लंडमध्ये स्टुडिओत चित्रित झाला. मागे दिसणारं वाळवंट म्हणजे आजच्या नामिबियातल्या फोटोंच्या मोठ्या पारदर्शिका, फ्रंट प्रोजेक्शनने, म्हणजे समोरून प्रोजेक्टरने टाकलेल्या. कॅमेऱ्याच्या समोर ४५ अंशांत अर्धपारदर्शक आरसा, त्यावरून चित्र थेट मागच्या पडद्यावर. पडद्याला स्कॉचलाइट लावलेलं, म्हणजे रस्त्यावरच्या पाट्या हेडलाइट पडल्यावर चमकतात ते मटेरियल. प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेने तो परत जातो, म्हणून पडद्यावरचं चित्र कॅमेऱ्याला लख्ख दिसतं. नटांच्या अंगावरही तेच चित्र पडत असतं, पण इतकं फिकं की कॅमेऱ्यात येत नाही. आणि नटाची सावली बरोबर नटाच्याच मागे लपते.

स्कॉचलाइटचे सगळे रोल सारखे चमकत नव्हते. सरळ पट्ट्या लावल्या तर जोड दिसायचे. म्हणून त्याचे वेडेवाकडे तुकडे फाडून चिकटवले. ४के डिस्कवर पहाटेच्या आभाळाकडे निरखून बघा, ते तुकडे ढगाळ डागांसारखे दिसतात. काही जणांनी याबद्दल नाराजी व्यक्त केली आहे, डिजिटल सफाई करून ते पुसायला हवे होते असं त्यांचं म्हणणं. मला हे अजिबात पटत नाही. ते हाताचं काम आहे, ते दिसलं तर दिसू दे. मेलेल्या झेब्र्यावर बसलेल्या बिबट्याचे डोळेही त्याच प्रोजेक्टरच्या उजेडाने पेटलेत. कुणी ठरवून केलेलं नव्हतं, पण ठेवलं, आणि त्या एका शॉटने अख्ख्या रात्रीची भीती उभी राहते.

रंगांवरून डिस्क आली तेव्हा बरीच भांडणं झाली. त्याच वर्षी मे महिन्यात ख्रिस्तोफर नोलनने कान महोत्सवात डिजिटल दुरुस्ती न केलेली ७० एमएम प्रिंट दाखवली होती, तिचा रंग बराच पिवळट, उबदार. डिस्कवर पांढरा हा पांढरा आहे. अंतराळ स्थानकातली ती लांबलचक पांढरी मार्गिका आणि तिच्यातल्या लाल खुर्च्या बघितल्या की मला तरी डिस्कचा रंग बरोबर वाटतो. एचडीआरही, म्हणजे उजेड-अंधारातला वाढवलेला फरक, कुठे भडक केलेलं नाही. यानाचा बोलणारा संगणक हॅल, त्याचा लाल डोळा अंधारात जेवढा टोचायला हवा तेवढाच टोचतो.

आवाजाचे दोन पर्याय आहेत. एक नंतर केलेलं मिक्स आणि एक १९६८ च्या थिएटर मिक्सवरून घेतलेलं. मेनूत जाऊन १९६८ चं निवडा. या सिनेमात काय ऐकू येतं त्याइतकंच काय ऐकू येत नाही तेही महत्त्वाचं आहे. अंतराळवीर फ्रँक यानाबाहेर पडतो तेव्हा आपल्याला फक्त त्याचा श्वास ऐकू येतो. पॉड, म्हणजे तो ज्यातून आला ते छोटं यान, वळतो, यांत्रिक हात पसरतो, हॅलच्या डोळ्यावर एकामागोमाग एक जवळ जाणारे कट पडतात, आणि पुढच्या शॉटमध्ये श्वास नाही. काहीच नाही. फ्रँक गरगरत लांब जातो. तेव्हा घरात पंखा चालू असेल तर बंद करा.

हे सगळं मी ज्यांच्याशी भांडून भांडून शिकले ते माझे मामा. कोल्हापूरला कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, आता निवृत्त आहेत, बुद्धिबळाचं वेड तसंच आहे. डिस्क आली तशी मी ती घेऊन त्यांच्याकडेच गेले. पहिल्या भागात ते फिजिक्स तपासत होते. चंद्राकडे जाताना डॉ. फ्लॉइड स्ट्रॉने पेय ओढतो आणि तोंड काढल्यावर स्ट्रॉमधलं पेय खाली उतरतं. "वजनच नाही तर खाली का जाईल गं?" ही चूक जुन्या डीव्हीडीवरही होती, पण आता थेंबासकट दिसते. तरंगणारं पेन मात्र त्यांना फार आवडलं. ते काचेच्या मोठ्या तावदानाला दुहेरी टेपने चिकटवलेलं आहे. तावदान हळूहळू फिरवलंय आणि यानातली हवाई सुंदरी पेन काचेवरून अलगद सोडवून घेते. तिचा हात पेनाला लागतो तो क्षण थांबवून बघितला तरी काच दिसत नाही.

फिरण्यामुळे आतल्या माणसांना वजन जाणवावं म्हणून यानात जे फिरतं चक्र आहे ते विकर्स-आर्मस्ट्राँग कंपनीने बांधलं होतं, व्यास ३८ फूट, वजन ३० टनांच्या घरात. दुसरा अंतराळवीर डेव्ह शिडीने उतरतो आणि गोल चालत फ्रँकजवळ येतो, त्या शॉटमध्ये फ्रँकचं काम करणारा गॅरी लॉकवुड वर खुर्चीला पट्ट्याने बांधून उलटा टांगलेला आहे आणि जेवण ताटाला चिकटवलेलं आहे. डेव्ह खालीच चालतोय, फिरतंय ते चक्र. मामांनी वहीत आकडेमोड केली. एवढ्या त्रिज्येत चंद्राइतकं वजन वाटायला मिनिटाला साधारण पाच फेरे हवेत, म्हणजे कल्पना फिजिक्सला धरून आहे, असा निर्वाळा दिला.

मग हॅल आला आणि आमचं वाजलं.

फ्रँक हॅलशी बुद्धिबळ खेळतो. हॅल त्याला मात कशी होणार ते सांगतो आणि फ्रँक पटाकडे बघून हार मानतो. मामांनी तिथेच डिस्क थांबवली. हॅल म्हणतो वजीर उंटाच्या तिसऱ्या घरात. हॅलच्या बाजूने मोजलं तर ते सहावं घर हवं. "अगं, यंत्र चुकलंय आणि माणसाने तपासलंसुद्धा नाही!" कुब्रिक स्वतः चांगला बुद्धिबळपटू होता आणि हा डाव १९१० साली हॅम्बर्गला झालेल्या एका खऱ्या सामन्यातला आहे. मामांचं म्हणणं, हे त्याने जाणूनबुजून पेरलं, हॅल तेव्हापासूनच बिघडायला लागलाय. पुढे पृथ्वीवरचा जुळा संगणकही हॅलच चुकला असं सांगतो, मग वाद कसला?

माझं म्हणणं वेगळं, आणि ते पुढच्याच दृश्यावर उभं आहे. डेव्ह आपली चित्रं हॅलला दाखवतो. हॅल बोलता बोलता विचारतो, या मोहिमेबद्दल तुला काही शंका येत नाहीत का? चंद्रावर काहीतरी सापडल्याच्या अफवा, तीन शास्त्रज्ञांना झोपवून यानात आणणं. डेव्ह उत्तर न देता म्हणतो, तू क्रूचा मानसिक अहवाल तयार करतोयस ना? हॅल हो म्हणतो, माफी मागतो, आणि लगेच म्हणतो, एक मिनिट, एक मिनिट, एई-३५ मध्ये, म्हणजे पृथ्वीशी संपर्काच्या अँटेनाच्या एका भागात, बिघाड सापडलाय. एडिटर म्हणून सांगते, दोन वाक्यांमध्ये इतकी कमी जागा कुणी चुकून ठेवत नाही. वेगळं दृश्य करता आलं असतं, मध्ये यानाचा एक बाहेरचा शॉट टाकता आला असता. ते केलं नाही, कारण प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही म्हणून हा बिघाड जन्माला आलाय. हॅल डेव्हची परीक्षा घेत होता. आणि हॅल बंद पडल्यावर फ्लॉइडचं जे ध्वनिचित्रमुद्रण सुरू होतं त्यात सांगितलंच आहे की मोहिमेचं खरं कारण यानात फक्त हॅलला माहीत होतं.

मामा म्हणाले, "मग क्लार्कने लिहिलंय तेच की." आर्थर क्लार्कच्या याच नावाच्या कादंबरीत हे खरंच स्पष्ट आहे: खरं सांगायची घडण आणि खरं लपवायचा हुकूम या ओढाताणीत हॅल मोडतो. पण सिनेमात ते वाक्य नाही. माझ्यासाठी या सिनेमाचा सगळा अर्थ इथे आहे. कुब्रिककडे निवेदन होतं, ते काढलं. सुरुवातीला शास्त्रज्ञांच्या मुलाखती घालायच्या होत्या, चित्रितही केल्या, त्या काढल्या. ॲलेक्स नॉर्थने बनवलेलं संगीत काढून तात्पुरतं लावलेलं स्ट्राउस आणि लिगेटी ठेवलं. २ एप्रिल १९६८ ला वॉशिंग्टनला पहिला खेळ झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच आणखी १९ मिनिटं कापली. कारण सांगणारं जे जे होतं ते गेलं, पुरावा तेवढा राहिला. म्हणून मामांचाही हॅल पडद्यावर उभा राहतो आणि माझाही. मी रोज ज्या मालिका कापते त्यात एक संशय तीन वेळा संवादात, दोन वेळा क्लोजअपात आणि एकदा संगीतात सांगावा लागतो, कारण बघणारा स्वयंपाक करता करता बघतोय. ते कामही मी मनापासून करते. पण बघणाऱ्यावर इतका भरवसा टाकायचा धीर कुठून येतो ते मला या सिनेमात दिसतं.

मध्यंतर कुठे येतं तेही बघा. डेव्ह आणि फ्रँक पॉडमध्ये बसून, आवाज बाहेर जाणार नाही याची खात्री करून, हॅलला बंद करायचं बोलतात. मग हॅलच्या नजरेतून काचेपलीकडचे त्यांचे ओठ, या तोंडावरून त्या तोंडावर जाणारा कॅमेरा, पूर्ण शांतता. आणि मध्यंतर. हॅलला कळलं असं एका अक्षराने सांगितलेलं नाही. झोपलेल्या तीन शास्त्रज्ञांचे खून त्याहून कठोर: फक्त आलेख सरळ होत जातात आणि पाट्या लुकलुकतात.

सिनेमाच्या शेवटी डेव्ह ज्या खोलीत पोचतो आणि म्हातारा होतो, तिच्यावर आमचं एकमत झालं नाही. कुब्रिकने १९८० साली एका जपानी मुलाखतीत शेवट सरळ समजावून सांगितला होता, ती २०१८ मध्ये बाहेर आली: देवासारख्या शक्तींनी माणसाला प्राणिसंग्रहालयात ठेवावं तसं त्या खोलीत ठेवून निरखलंय. मामांना ते पुरेसं आहे, दिग्दर्शकानेच सांगितलं म्हटल्यावर विषय संपला. मला नाही पुरत, कारण त्या खोलीत कट काय करतो ते या उत्तरात येत नाही. आपल्या धंद्याचा साधा नियम: माणूस बघतो, काय बघतो ते दाखवा, मग पुन्हा बघणाऱ्यावर या. इथे डेव्ह काट्याचमच्याचा आवाज ऐकून बघतो, तर पाठमोरा म्हातारा जेवतोय. म्हातारा उठून दाराशी येतो, तर तिथे कुणीच नाही. ग्लास फुटतो, म्हातारा मान वर करतो, पलंगावर त्याहून म्हातारा. बघणाऱ्यावर परत यायचा शॉटच येत नाही. ज्याने बघितलं तो संपलेला असतो. ना डिझॉल्व्ह, ना मेकअपचं रूपांतर, नुसते सरळ कट. एडिटर रे लव्हजॉयचं नाव फार कमी घेतलं जातं. आदिमानवाने फेकलेलं हाड वर उडून खाली यायला लागतं तिथे थेट अंतराळातल्या यानावर पडणारा तो प्रसिद्ध कट सगळ्यांना माहीत असतो, पण माझ्या मते कामाचा कस या खोलीत लागलाय.

तक्रार करायची तर पुरवणी डिस्कबद्दल. नवीन काहीच केलेलं नाही, सगळं जुन्या ब्लू-रेवरचंच. त्यातली १९६६ ची कुब्रिकची ध्वनिमुद्रित मुलाखत मात्र शांतपणे ऐकण्यासारखी आहे, सिनेमा अजून पूर्ण व्हायचा होता तेव्हाची. कापलेल्या भागापैकी सुमारे १७ मिनिटांचं फुटेज कॅन्ससमधल्या मिठाच्या खाणीत, वॉर्नरच्या साठ्यात आहे हे २०१० पासून सगळ्यांना माहीत आहे. ते या पाकिटात असायला हवं होतं. सिनेमात जोडून नको, त्याला हात लावू नये. वेगळं, शेवटी, ज्याला बघायचं त्याच्यासाठी. मामा म्हणतात ते बघितल्यावर हॅलचा निकाल लागेल. मला वाटतं तो तेव्हाही लागणार नाही, पण काय काढलं आणि नेमकं कुठून काढलं हे बघायला मी पुन्हा पूर्ण किंमत मोजीन.