पोकरची कमाई की महिन्याचा पगार: राजीनामा देण्यापूर्वीचा हिशेब

गेल्या महिन्यात नाशिकच्या गंगापूर रोडवरील माझ्या कार्यालयात करविवरणासाठी एक तरुण अभियंता आला होता. अंबडच्या कारखान्यातील नोकरी सोडून पोकर हा पैसे लावून खेळायचा पत्त्यांचा खेळ पूर्णवेळ खेळण्याचा त्याचा विचार होता, आणि आधार म्हणून त्याने नामवंत खेळाडूंच्या कोट्यवधींच्या बक्षिसांची यादी मोबाइलवर उघडून माझ्यासमोर ठेवली. असा निर्णय घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकासाठी दोन्ही बाजू मांडून पाहणे मला अगत्याचे वाटते.

त्या यादीत असते ती उलाढाल, नफा नव्हे. निफाड-दिंडोरीकडे कोणीही द्राक्षबागेतून किती रुपयांचा माल निघाला एवढ्यावरून बागायतदाराची श्रीमंती ठरवत नाही. खरड छाटणीपासून काढणीपर्यंतची औषधे, खते आणि मजुरी आधी वजा करतो. पोकरमध्ये ही वजाबाकी यादीत कुठेच दिसत नाही. डॅनियल नेग्रानू या विख्यात खेळाडूने 2017 साली सुमारे 28 लाख डॉलरची बक्षिसे मिळवली, तरी त्याने स्वतःच जाहीर केलेल्या हिशेबानुसार प्रवेशशुल्क त्याहून अधिक झाल्याने वर्षाअखेरीस सुमारे 86 हजार डॉलरचा तोटा होता. शिवाय बक्षीस पूर्णपणे खेळाडूचे असेलच असे नाही, कारण अनेकांचे प्रवेशशुल्क दुसरा कोणी भरतो आणि वाटा घेतो. स्टू उंगर या खेळाडूने 1997 मध्ये तिसऱ्यांदा पोकरची जागतिक मुख्य स्पर्धा जिंकली, तेव्हा 10 लाख डॉलरमधील निम्मी रक्कम प्रवेशशुल्क भरणाऱ्या बिली बॅक्स्टरकडे गेली. पुढच्याच वर्षी उंगर लास व्हेगासच्या एका मोटेलमध्ये मृतावस्थेत सापडला, तेव्हा त्याच्याजवळ काही शे डॉलर होते. व्यसनाने त्याला पोखरले होते हे खरे. तथापि त्याचे नाव विजेत्यांच्या यादीत आजही तसेच झळकते.

खरोखर श्रीमंत झालेले खेळाडूही आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. 2019 मध्ये लंडनच्या एका स्पर्धेत ब्रिन केनीला 2 कोटी डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. मात्र तिथे प्रवेशासाठीच 10 लाख 50 हजार पौंड मोजावे लागत होते. 2023 च्या जागतिक मुख्य स्पर्धेत 10,043 प्रवेशिका आल्या, प्रत्येकीचे शुल्क 10 हजार डॉलर होते आणि पैसे परत मिळाले ते जेमतेम 1,500 जणांना. स्पर्धांऐवजी रोख टेबलावर, म्हणजे प्रत्येक डावाला थेट पैसे लावून, खेळणाऱ्यांचे उत्पन्न तुलनेने स्थिर असते, पण तिथे डावांतून कॅसिनोची कपात होत राहते, आणि त्यांची कमाई कुठेही नोंदली जात नसल्याने त्यांचे दावे पडताळता येत नाहीत.

आपल्याकडचे गणित याहून कठीण आहे. ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी झाली, त्यामुळे नाशिकमधून घरी बसून रोज सराव आणि कमाई करण्याचा मार्ग बंद आहे. उरतो तो गोव्याचा प्रवास, मुक्काम आणि तिथला खर्च. त्यावर कर येतो. समजा, वर्षात 12 लाख जिंकले आणि हरलेल्या स्पर्धांच्या शुल्कात 9 लाख गेले. हाती 3 लाख उरले असे वाटेल, परंतु हा तोटा जिंकलेल्या रकमेतून वजा करता येत नाही, आणि 12 लाखांवर 30 टक्क्यांनी, उपकर सोडूनही, 3 लाख 60 हजार कर होतो. म्हणजे खेळात जिंकूनही खिशातून 60 हजार भरायचे. हा आकडा मी कागदावर लिहिला, तेव्हा त्या तरुणाने कॅल्क्युलेटर मागून घेतला आणि दोनदा ताडून पाहिला.

पगाराच्या बाजूला भविष्य निर्वाह निधी आहे, आणि गृहकर्जासाठी बँक मागते ती वेतनचिठ्ठी आहे. माझे मत स्पष्ट आहे: दोन वर्षांचा घरखर्च वेगळा ठेवलेला नसेल आणि प्रत्येक डावाची लेखी नोंद नसेल, तर नोकरी सोडू नये. प्रवेशशुल्क, प्रवास व बक्षीस अशा तीन रकान्यांची वही मी त्याला आखून दिली आहे. मार्चअखेरीस ती मला दाखवल्यावाचून राजीनामा देणार नाही, असे त्याने कबूल केले आहे.