वर्डप्रेस आणि एचफाइव्हपीवर शाळेची वेबसाइट : एका शैक्षणिक वर्षाच्या वापरानंतर

माध्यमिक शाळेची वेबसाइट, वर्गांचे ब्लॉग आणि सरावाचे डिजिटल पाठ हे सगळं आम्ही एकाच ठिकाणी उभं केलं, त्याला आता शैक्षणिक वर्ष होत आलं. पाया वर्डप्रेसचा, म्हणजे वेबसाइट आणि ब्लॉग चालवायच्या सॉफ्टवेअरचा. परस्परसंवादी सराव बनवायला एचफाइव्हपी, गणिताच्या हलत्या आकृत्यांना जिओजेब्रा आणि विज्ञानाचे प्रयोग पडद्यावर करून पाहायला फेट. माझं मत आता पक्कं झालंय. शिक्षकाला स्वतःच्या पाठातली चूक कुणालाही न विचारता त्याच दिवशी सुधारता येते का, या एका प्रश्नावर शाळेची वेबसाइट चालते किंवा पडून राहते. रंगसंगती, सरकती चित्रं, मुख्यपृष्ठाची सजावट हे सगळं त्याच्यानंतर येतं.

वर्डप्रेस २००३ पासून आहे, मुक्त परवान्यावर मिळतं आणि त्यातला मजकूर उचलून दुसऱ्या होस्टिंगवर, म्हणजे साइट ठेवायच्या दुसऱ्या सेवेवर, नेता येतो. शाळेसाठी ही शेवटची सोय सगळ्यांत मोलाची. फ्लॅश या ॲनिमेशनच्या जुन्या तंत्रात केलेल्या पाठांचं काय झालं ते आठवून पाहा. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार संपला, १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने फाइली चालवणंच थांबवलं आणि शिक्षकांनी खपून केलेली ॲनिमेशनं ब्राउझरमध्ये उघडेनाशी झाली. म्हणून कुठलंही साधन निवडताना मी आधी हे पाहते की उद्या ते बंद पडलं तर माझा मजकूर माझ्या हातात कोणत्या रूपात राहील. वर्डप्रेसमधला मजकूर एका फाइलमध्ये निर्यात होतो. एचफाइव्हपीचा प्रत्येक सराव स्वतंत्र फाइल म्हणून उतरवून घेता येतो आणि तीच फाइल मूडल या ऑनलाइन वर्ग चालवायच्या सॉफ्टवेअरमध्येही चालते.

गूगल साइट्स या गूगलच्या वेबसाइट बनवायच्या सेवेबद्दलही सांगायला हवं, कारण पुष्कळ शाळा तिथून सुरुवात करतात. तिथे अपडेट आणि सर्व्हरच्या सुरक्षेचा भार आपल्यावर येत नाही, पानही पटकन तयार होतं. तांत्रिक बाजू बघणारं एकही माणूस ज्या शाळेत नाही, तिने खुशाल तिथेच राहावं. पण तिथे ब्लॉगची रचना नाही. तारखेनुसार नोंदी, प्रत्येक नोंदीला लेखकाचं नाव, मुलांनी लिहायचं आणि शिक्षकांनी तपासून प्रसिद्ध करायचं, ही साखळी आम्हाला हवी होती आणि ती वर्डप्रेसमध्ये तयारच मिळते.

ही साखळी चालते भूमिकांवर. मुलांना आम्ही ‘कॉन्ट्रिब्युटर’ केलं. या भूमिकेत लिहिता येतं, मसुदा तपासणीला पाठवता येतो, पण प्रसिद्ध करता येत नाही आणि चित्रंही अपलोड करता येत नाहीत. चित्रांचं हे बंधन सुरुवातीला मुलांना जाचक वाटलं. मला मात्र ते हवंच होतं, कारण फोटो शिक्षकाच्या नजरेखालून गेल्याशिवाय साइटवर चढत नाही. विषयशिक्षक ‘एडिटर’, म्हणजे इतरांचं लेखन सुधारून प्रसिद्ध करू शकतात. ‘ॲडमिन’ची खाती दोनच.

वर्गाच्या ब्लॉगवर काय चाललं? प्रयोगवहीसारख्या नोंदी. कांद्याच्या सालीच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना एका मुलीने हवेचे बुडबुडे पेशी समजून काढले होते. पुढच्या तासाला ते तिच्या लक्षात आलं आणि बुडबुड्याची कड जाड, काळी आणि गोल दिसते, पेशींच्या भिंती एकमेकींना चिकटून विटांसारख्या ओळीत दिसतात, असं तिने स्वतःच्या शब्दांत लिहिलं. पाठ्यपुस्तकातली आकृती पाहून हे कळत नाही. वर्डप्रेस जुने मसुदे जपून ठेवतं, त्यामुळे आधीचा आणि नंतरचा मजकूर शेजारी शेजारी ठेवून लेखन कसं सुधारलं ते वर्गात दाखवता येतं. मराठीच्या तासाला या सोयीचा जितका उपयोग झाला तितका कुठल्याही ॲपचा झाला नव्हता. याउलट कार्यक्रमांचे वृत्तांत, मान्यवरांची मनोगतं असल्या पानांकडे मुलं फिरकत नाहीत. ती ठेवा, पण त्यांच्यासाठी शिक्षकांचा वेळ खर्ची घालू नका.

एक बारीक गोष्ट मराठी शाळांनी पहिल्याच दिवशी लक्षात घ्यावी. नोंदीचं शीर्षक देवनागरीत असेल तर वर्डप्रेस नोंदीचा वेबपत्ताही देवनागरीत बनवतं आणि तो पाठवताना टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते. त्यातून वर्डप्रेसमध्ये पत्त्यातल्या शीर्षकाच्या भागाला २०० चिन्हांची मर्यादा आहे आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तिथे ९ चिन्हांची जागा खातं. म्हणजे साधारण २२ चिन्हांनंतर पत्ता मध्येच तुटतो. शीर्षक मराठीतच ठेवा, पत्त्याचा भाग मात्र प्रसिद्ध करण्याआधी रोमन लिपीत छोटा करून घ्या. नंतर बदललात तर आधी वाटलेल्या लिंका आणि छापलेले क्यूआर कोड यांची काळजी वाहावी लागते.

आता एचफाइव्हपी. या सगळ्या मांडणीत मुलांच्या शिकण्याला सर्वांत जास्त हातभार याच प्लगइनने, म्हणजे वर्डप्रेसला जोडायच्या पूरक सॉफ्टवेअरने, लावला, म्हणून इथे जरा थांबते. रिकाम्या जागा भरा, शब्द ओढून जागी बसवा, व्हिडिओ मध्येच थांबवून प्रश्न विचारा, असे अनेक प्रकार त्यात आहेत आणि एकही ओळ कोड लिहावी लागत नाही. रिकाम्या जागांच्या सरावात उत्तर दोन तारकाचिन्हांच्या मध्ये लिहायचं, पर्यायी उत्तर तिरक्या रेघेने जोडायचं. त्यावरून आमच्याकडे खरीखुरी चर्चा झाली. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, ‘ऊर्जा’ आणि ‘उर्जा’ दोन्ही बरोबर धरा, मला संकल्पना तपासायची आहे. मराठीचे सर म्हणाले, ऱ्हस्व-दीर्घ सोडून दिलं तर मुलं लिहायला कधी शिकणार? शेवटी विज्ञानाच्या सरावात दोन्ही रूपं ठेवली आणि बरोबर लेखन शेवटच्या अभिप्रायात दाखवलं. मराठीच्या सरावात एकच रूप ठेवलं. असा निर्णय शिक्षकांना आपल्या हाताने घेता येतो, हेच मला या साधनाचं मोठेपण वाटतं.

बहुपर्यायी प्रश्नात प्रत्येक चुकीच्या पर्यायाला वेगळा अभिप्राय देता येतो. पुष्कळ शिक्षक ही जागा रिकामी सोडतात आणि तिथेच सराव पोकळ होतो. उदाहरण घ्या: १२ किलोग्रॅम वस्तुमानाची वस्तू चंद्रावर नेली तर तिचं वस्तुमान किती? २ किलोग्रॅम हा पर्याय निवडणाऱ्या मुलाला ‘चूक’ एवढंच सांगून काय उपयोग? त्याला चंद्रावरचं गुरुत्व पृथ्वीच्या साधारण एक षष्ठांश असतं हे ठाऊक आहे, त्याने ते चुकीच्या राशीला लावलं. म्हणून तिथे लिहायचं: ‘तू वजनाचा विचार केलास. गुरुत्व बदललं म्हणून वजन बदललं. वस्तूतलं द्रव्य कमी झालं का?’ अभिप्राय असा लिहायला वेळ लागतो, पण हे लिहिणं म्हणजेच शिकवणं. बटणांवरचे शब्दही बदलून ‘तपासा’, ‘पुन्हा प्रयत्न करा’, ‘उत्तर दाखवा’ असे करता येतात. तेवढं कराच.

स्वतःला प्रश्न विचारून आठवण्याचा फायदा संशोधनातही दिसलेला आहे. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ मधल्या प्रयोगांत उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर स्वतःची चाचणी घेतलेल्यांनी त्यांना मागे टाकलं. आम्ही म्हणूनच पाठ संपल्या दिवशीचा सराव आणि आठवड्यानंतरचा सराव अशी जोडी ठेवली.

व्हिडिओ लहान ठेवा. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमांतली व्हिडिओ पाहण्याची ६९ लाख सत्रं तपासणाऱ्या २०१४ च्या अभ्यासात, व्हिडिओ कितीही लांब असला तरी पाहण्याचा मध्यक कालावधी जेमतेम ६ मिनिटांचा निघाला. तिथले शिकणारे मोठे होते. आपल्या मुलांसाठी तर याहून लांब व्हिडिओची अपेक्षा धरूच नये. एचफाइव्हपीत प्रश्न चुकला की व्हिडिओ आपोआप त्या स्पष्टीकरणाकडे मागे नेण्याची सोय आहे आणि ती फार उपयोगी पडते.

मर्यादाही स्पष्ट सांगते. एचफाइव्हपी उत्तरं ब्राउझरमध्येच तपासतं, म्हणजे बरोबर उत्तर पानाच्या आत असतंच आणि शोधणाऱ्याला सापडतं. गुण धरायच्या परीक्षेसाठी ते वापरू नये. वर्डप्रेसमधल्या मोफत प्लगइनमध्ये लॉगिन केलेल्या मुलाचे गुण नोंदले जातात, पण कोणत्या प्रश्नाला त्याने नेमकं काय उत्तर दिलं ते शिक्षकाला दिसत नाही. तेवढा तपशील हवा असेल तर मूडलचा विचार करा, पण त्याची व्यवस्था पाहणारं माणूसही हवं.

फेटची सिम्युलेशन्स कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या प्रकल्पातली. त्यांतली बरीच मराठीतही मिळतात आणि उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात. परिपथाच्या सिम्युलेशनमध्ये बल्ब एकसर आणि मग समांतर जोडून पाहताना मुलं एक बल्ब काढतात, दुसरा विझतो की पेटता राहतो ते बघतात आणि कारण शोधायला लागतात. नुसतं सिम्युलेशन पानावर डकवू नका. वर एक प्रश्न द्या, खाली अंदाज लिहायला जागा द्या. जिओजेब्रात वर्गसमीकरणाच्या सहगुणकांना स्लायडर (सरकवून किंमत बदलायची पट्टी) लावले की अन्वस्त, म्हणजे समीकरणाचा वक्र आलेख, वरखाली सरकतो. तो क्ष-अक्षाला दोन ठिकाणी छेदतो, एका ठिकाणी स्पर्श करतो किंवा अक्षापर्यंत पोचतच नाही, तेव्हा विवेचक अनुक्रमे धन, शून्य, ऋण होतो, हे मुलांना डोळ्यांनी दिसतं. फळ्यावर हे इतक्या वेळा काढून दाखवणं मला कधीच जमलं नसतं.

जुन्या प्रश्नसंचांचं काम सगळ्यांत कष्टाचं निघालं. ते जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले होते. अशा फॉन्टमध्ये देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात, त्यामुळे मजकूर वेबसाइटवर चिकटवला की निरर्थक रोमन अक्षरं दिसतात. पीडीएफ डोळ्यांना ठीक दिसते, पण शोधात सापडत नाही आणि दृष्टिहीन मुलाचा स्क्रीन रीडर, म्हणजे मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, ती नीट वाचू शकत नाही. परिवर्तक वापरून सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर देवनागरी म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या अक्षरांत, आणावंच लागतं आणि मग जोडाक्षरं, रफार, ऱ्या-ऱ्हा डोळ्यांत तेल घालून तपासावे लागतात. आम्ही सगळं एकदम केलं नाही. जो धडा शिकवायला आला, त्याचा संच बदलला.

दृष्टी कमी असलेली मुलं प्रत्येक शाळेत असतात, मग नोंद झालेली असो वा नसो. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला रंगभेद किमान ४.५ : १ हवा, असं वेब सुगम्यतेचे निकष सांगतात. फिकट करड्या अक्षरांच्या सुंदर थीम या एका तपासणीत बाद होतात. प्रत्येक आकृतीला पर्यायी मजकूर लिहा आणि त्यात आकृती काय सांगते ते लिहा. ‘आकृती १’ लिहून भागत नाही.

चित्रांच्या हक्कांबाबत आमच्या शिक्षकांना एकच सवय लावली: चित्र घेतानाच त्याचं नाव, निर्माता, स्रोत आणि परवाना टिपून ठेवायचा. एचफाइव्हपीत प्रत्येक चित्राला यासाठी रकाने आहेतच. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे साहित्य इतरांना वापरू देणाऱ्या तयार परवान्यांत ‘एनडी’ असेल तर साहित्य बदलून किंवा अनुवाद करून प्रसिद्ध करता येत नाही. मराठीत आणायचं असेल तर ‘बाय’ (निर्मात्याला श्रेय द्यायचं) किंवा ‘बाय-एसए’ (श्रेय द्यायचं आणि बदललेलं साहित्यही त्याच परवान्यावर द्यायचं) शोधा. मुलांच्या बाबतीत नियम अधिक कडक ठेवला आहे: पालकांच्या लेखी संमतीशिवाय फोटो नाही, फोटो असेल तिथे पूर्ण नाव नाही. मोबाइलच्या फोटोत ठिकाणाची माहिती दडलेली असू शकते. ती काढूनच अपलोड करायचा.

देखभालीला पर्याय नाही. एका मोफत प्लगइनच्या अपडेटनंतर एके सकाळी आमची साइट कोरी दिसायला लागली. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून पहिल्या तासाआधी ती पूर्ववत झाली. बॅकअप म्हणजे डेटाबेस आणि अपलोडसह फाइलींचं फोल्डर, दोन्ही. आणि तो परत बसवून पाहिलेला हवा. प्लगइन मोजके ठेवा, शेवटचं अपडेट कधीचं आहे ते पाहूनच घ्या. डोमेन, म्हणजे साइटचा नावाचा पत्ता, संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर नोंदवा. ते एखाद्या शिक्षकाच्या खासगी खात्यावर असेल, तर त्यांच्या बदलीबरोबर शाळेचा पत्ता जातो.

पुढच्या सत्रात नववीच्या मुलांनाच सराव बनवायला द्यायचे ठरले आहेत. त्यासाठी लुमी नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात संगणकावरच एचफाइव्हपीचा सराव बनतो आणि एका वेबपानाच्या रूपात जतन होतो, म्हणजे साइटचं लॉगिनही द्यावं लागत नाही. अट एवढीच की प्रत्येक चुकीच्या पर्यायाखाली, तो कुणाला का बरोबर वाटेल ते मुलांनी लिहायचं. सराव तपासून साइटवर चढवायचं काम विज्ञानाच्या बाईंनी आपणहून घेतलंय.